उबाल्दिनाबाई शेरीफशी बोलतात

उबाल्दिनाबाई गाईशी गालेगोत, म्हणजे स्पेनच्या आमच्या कोपऱ्यातल्या भाषेत बोलायच्या आणि कुत्र्याशी स्पॅनिशमध्ये. विलारबेल गावात कुणालाच याचं नवल वाटत नसे. गाय घरची होती, तिची आजीसुद्धा याच गोठ्यात जन्मलेली. कुत्रा मात्र भावाने वायादोलिदहून आणलेला, म्हणजे परप्रांतातला, आणि पाहुण्याशी पाहुण्याच्या भाषेत बोलावं एवढी रीत बाईंना होती. कोंबड्या, बटाट्याचं वावर, शेजारपाजार, पाऊस आणि स्वतःचे दुखरे गुडघे यांच्याशी गालेगो. डॉक्टर, बँकेतले साहेब, नोटरी, देव आणि कुत्रा यांच्याशी स्पॅनिश. त्यांचा एकुलता एक मुलगा लिसार्दो या दुसऱ्या पंगतीत बसत होता, देव आणि कुत्रा यांच्या मधे कुठेतरी.

आता हे काय खूळ, असं तुम्ही म्हणाल. खूळ त्यांचं एकटीचं नव्हतं हो, अख्ख्या मुलखाचं होतं. बाईंना दिवस गेले तेव्हाच गावच्या मास्तरांनी बजावलं होतं की पोराशी आपली शेणामातीची भाषा बोललात तर पोर शेणामातीतच लोळेल, स्पॅनिश बोललात तर माणसात येईल. बाईंना स्पॅनिश येत होती ती ओंजळभर. तेवढ्यावर त्यांनी पोर वाढवलं. खा, झोप, पांघरूण घे, अभ्यास कर, जपून जा. या पाच गोष्टींपलीकडे आईनं लेकाशी काही बोलल्याचं कुणी ऐकलं नाही. लिसार्दो लहानपणी अंथरुणात पडून भिंतीपलीकडचं ऐकायचा. पलीकडे त्याची आई गाईला अख्खा दिवस सांगत असायची, मधेच हसायची, कुणाची तरी नक्कल करायची. ती बाई आपल्याला कधी भेटणार, असा प्रश्न त्याला तेव्हापासून पडलेला होता.

म्हणे एके काळी राजेरजवाडे याच भाषेत प्रेमाची गाणी रचायचे. मग माद्रिदवाल्यांची चलती झाली आणि हिला शेकडो वर्षं चुलीपुढे बसवून ठेवली. आता पुन्हा बाहेर काढून तिला नवी वस्त्रं नेसवली आहेत. रस्त्यावरच्या पाट्या हिच्यात, शाळेतले धडे हिच्यात, मंत्र्यांची भाषणं हिच्यात. फक्त नातवंडाला जवळ घेतलं की आजीच्या तोंडून निघते ती स्पॅनिश. माझं तर डोकंच फिरतं, तेव्हा ते राहू द्या.

उबाल्दिनाबाईंच्या स्पॅनिशची खरी खोट वेगळीच होती. तिच्यात 'नाही' नव्हतं. शब्द ठाऊक होता, पण तो वापरायची वेळच कधी आली नव्हती. डॉक्टरला, नोटरीला किंवा देवाला कोण नाही म्हणतं? मान हलवायची, होय म्हणायचं आणि घरी येऊन आपल्याला हवं तेच करायचं. डॉक्टरने खारवलेलं डुकराचं मांस वर्ज्य केलं तेव्हाही बाई होय म्हणाल्या होत्या आणि त्याच संध्याकाळी रश्श्यात भला मोठा तुकडा टाकला होता. गालेगोतलं त्यांचं 'न्हाई' मात्र पंचक्रोशीत गाजलेलं होतं. विजेचा खांब पुरायला आलेली माणसं त्या 'न्हाई'पुढे खांब खांद्यावर टाकून परत गेली. तो खांब अजून शेजारच्या देल्मिरोच्या दारात उभा आहे.

लिसार्दो माणसात आला. इतका आला की कोरुन्या शहरात त्याचं घर झालं, बायको झाली आणि नोकरी मिळाली ती, हसू नका, गालेगो बोलण्याची. परदेशी मालिकांना गालेगोत आवाज द्यायचं काम. रोज दुपारी जेवणानंतर टीव्हीवर एक जुनी अमेरिकन मालिका लागायची. तिच्यातला फौजदार, शेरीफ मॅडॉक, घोड्यावरून यायचा आणि लिसार्दोच्या आवाजात अस्सल गालेगो बोलायचा. उबाल्दिनाबाई ती मालिका चुकवत नसत आणि नुसत्या बघतही नसत. त्या शेरीफशी गप्पा मारायच्या. तिकडं जाऊ नगस, दाराआड चोर हाय, असं सांगायच्या. त्याने ऐकलं नाही की चिडायच्या, त्याला गोळी लागली की हळहळायच्या.

आवाज आपल्याच लेकाचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं का? होतं की. चर्चबाहेर बायकांना अभिमानाने सांगायच्याही. पण लिसार्दो वेगळा आणि शेरीफ वेगळा. लिसार्दो शिकलेला, शहरातला, गळपट्टा घालणारा. शेरीफ घोड्यावर बसायचा, बाहीला तोंड पुसायचा, म्हणजे आपल्यातलाच. लिसार्दोला आधी याचं हसू यायचं. मग हसू येईनासं झालं, कारण आई ज्याच्याशी मोकळेपणानं बोलते असा एक माणूस आहे, त्याला आपलाच गळा आहे, आणि तो आपण नाही, हे पचवायला फार जड जातं.

त्या हिवाळ्यात बाई अंगणात घसरून पडल्या. दगडी खांबांवर उभ्या कणसांच्या कोठाराखाली बराच वेळ पडून होत्या. हाक ऐकून शेजारचा देल्मिरो धावला म्हणून निभावलं. लिसार्दोने मनाशी ठरवलं की आता पुरे, आईला कोरुन्याला न्यायचं. बायकोनेही खळखळ न करता खोली रिकामी केली, रंगवून घेतली, नवा पलंग आणला. लिसार्दो गावी गेला आणि आईला विचारलं. आईने एप्रनला हात पुसले आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, "होय बाळ. तू म्हणशील तसे."

तो खुशीत गाडीपर्यंत गेला. दार उघडता उघडता त्याला डॉक्टर आठवला आणि रश्श्यातला तो तुकडा आठवला. हे तेच होय होतं. या होयमध्ये काही नव्हतं, धड पाणीही नव्हतं. आणि इथे चुकून चालणार नव्हतं. देल्मिरोच्या बहिणीला अशीच शहरात, विगोला नेली होती, तिनेही होयच म्हटलं होतं. ती दिवसभर जिन्यात खुर्ची टाकून लिफ्टकडे तोंड करून बसायची आणि वसंतातच गेली. इथे एकटी ठेवावी तर पुढच्या हिवाळ्यात कोठाराखाली सापडेल, तिकडे न्यावी तर लिफ्टसमोर. काय ते आईनंच सांगायला हवं होतं, आणि आई सांगत होती फक्त होय.

त्याने सरळ मार्ग धरला आणि तोच प्रश्न गालेगोत विचारला. बाई घाबरल्या. त्यांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग हळूच स्पॅनिशमध्ये विचारलं की बाळ, नोकरी गेली का. मग त्याने देल्मिरोला मधे घातलं. देल्मिरो कुंपणावरून बोलल्यासारखं करून विचारायला गेला, उबाल्दिना, लेकाकडं जाणार म्हणे? बाई म्हणाल्या, का, माझं वावर पाहिजे काय तुला? देल्मिरो म्हणाला, पाहिजे असलं तर? त्या म्हणाल्या, आन नसलं तर? आमच्याकडे प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर द्यायचं असतं, सरळ उत्तर देईल तो हरला. दोघंही मुरलेले गडी, दुपारभर खेळ चालला. देल्मिरो उत्तर घेऊन आला नाही, अर्धा भोपळा मात्र घेऊन आला.

तोवर बायकोने पुढची व्यवस्था करून टाकली होती. मारेलाला, म्हणजे गाईला, न्यायला गुरांचा दलाल येत्या गुरुवारी येणार होता.

त्याच आठवड्यात स्टुडिओत एक भाग आवाज द्यायला आला. रेल्वेच्या रस्त्यात एका म्हाताऱ्या विधवेचं घर येतं आणि शेरीफ मॅडॉक तिला समजावायला येतो, अशी गोष्ट. विधवेची सबंध वेळ कॅमेऱ्याकडे पाठ. शेरीफचं तोंड मात्र पडदाभर, आणि तो बघतो ते थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. लिसार्दोने कागद बाजूला ठेवला आणि मनातलं बोलला. काचेपलीकडे रेकॉर्डिंग बघणारी नोएलिया होती. तिने तो तुकडा परत लावून पाहिला. तिलाही ओउरेन्सेत आई होती, रिकामी खोली होती आणि तसलंच एक होय मिळालेलं होतं. ती एवढंच म्हणाली की ओठ जुळतायत, पुढे चला.

भाग दाखवणार होते नेमका गुरुवारी. दलालाला लिसार्दोने विनवून मालिका संपल्यानंतर यायला सांगितलं. कारण काय सांगायचं हे सुचेना, तेव्हा गाय दुपारी झोपते असं सांगितलं.

गुरुवारी मायलेक रस्सा आणि पाव जेवले. बाई वाटाण्याच्या शेंगा सोलत टीव्हीपुढे बसल्या, कुत्रा टेबलाखाली बसला, लिसार्दो त्यांच्या मागे खुर्चीत बसला. शेरीफ आला, घोड्यावरून उतरला, टोपी मागे सारली आणि पडदाभर तोंड करून म्हणाला, "काय गं आई, खरं सांग. हे घर सोडून लेकाकडं ऱ्हायला जायचंय का तुला शहरात?"

बाईंचे हात थांबले.

"कोन इचारतंय?" त्या म्हणाल्या.

लिसार्दो काही परका नव्हता, आई आधी प्रश्नच टाकणार हे तो जाणून होता. पडद्यावरच्या शेरीफने बाहीला तोंड पुसलं आणि म्हणाला, "मीच इचारतोय. आन बोलन्यात गुंडाळू नगस मला. उत्तर दे."

मग निघालं ते 'न्हाई'. खांब परतवणारं. आणि ते एकटं निघालं नाही. कुंपणापलीकडे देल्मिरोच्या घरातून त्याच्या आत्याचं 'न्हाई' आलं, ओढ्यापलीकडून दुसरं आलं, चर्चमागच्या घरातून तिसरं. नंतर कळलं की लुगोपासून समुद्रापर्यंत, जिथे जिथे म्हातारी आणि टीव्ही एका खोलीत होते, तिथे तिथे त्याच घटकेला असंच झालं. कित्येक मुलांना त्या संध्याकाळी फोन गेले. वाहिनीवाल्यांनी लिसार्दोला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, पण ती वेगळी कटकट.

"न्हाई म्हंजे न्हाई," बाई शेरीफला म्हणाल्या. "काय करू मी तिथं? सातव्या मजल्यावर कोंबड्या पाळू? ल्योक माझा गुनाचा हाय, सूनबी वाईट न्हाई. पर त्या घरात समदी स्पॅनिश बोलत्यात, आन त्यात मला निस्तं व्हय म्हनता येतं. खोली आवडली का, व्हय. बरं वाटतंय का, व्हय. अशी व्हय व्हय करत एक दिस मरून जाईन, आन त्यास्नी वाटंल म्हातारी खुशीत गेली."

"मग लेकाला का सांगत न्हाईस?" शेरीफ म्हणाला. एवढं त्याच्या तोंडी घातलेलं शेवटचं वाक्य. लांबून गोळीबार ऐकू आला, त्याने घोड्यावर उडी मारली आणि धुरळा उडवत निघून गेला. त्याच्या जागी कपड्यांच्या साबणाची जाहिरात आली.

प्रश्न विचारायचा आणि उत्तर न ऐकता चालू पडायचं, याच्याइतका राग उबाल्दिनाबाईंना कशाचाच येत नसे. त्यांनी त्याला थांब म्हणून दोनदा हाक मारली. साबण काही हटेना. उत्तर तर ओठावर आलेलं, ते परत गिळायचं कसं? बाईंनी हातातली शेंग उगारली आणि खोलीत जो कुणी माणूस होता त्याच्याकडे वळल्या.

"कसं सांगू?" त्या लिसार्दोला म्हणाल्या. "जल्मात कधी न्हाई म्हनलं न्हाई त्याला. त्यो आला की मी दुसऱ्याच्या चपला घालून चालते, पाय भरून येत्यात, पर काढता येत न्हाईत. त्याला शहरात धाडायचा म्हनून माझी भाषा त्याच्यापास्नं लपवली. त्यो गेला, लई ब्येस झालं. आता माझ्याजवळ त्याला द्यायला शब्दच उरलं न्हाईत. पडले तवा लागलं त्याचं काय न्हाई. पर उताणी पडल्या पडल्या वाटलं, आता लिसार्दो येईल, इचारील बरी हायस ना, आन मी म्हनंन, व्हय बाळ, बरी हाय. आन त्यो खरं मानंल."

एवढं बोलल्यावर त्यांचं लक्ष शेंगेकडे गेलं आणि मग शेंगेच्या टोकाला समोर कोण बसलंय तिकडे गेलं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. शेंग वाडग्यात ठेवली, एप्रन सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "कॉफी घेणार का, बाळ?"

लिसार्दोने सबंध जन्म ज्या बाईची वाट पाहिली ती समोर आली, दोन मिनिटं बसली आणि उठून गेली. आणि नेमका तेव्हाच बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

"गाडी आली वाटते," बाई स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. "बस तू. मी मारेलाला सोडून आणते." आणि त्या खरोखरच उठल्या, गुडघ्यावर हात दाबून, खुंटीवरचा दोर घेऊन गोठ्याच्या दाराकडे निघाल्या. आता काय म्हणावं या बाईला? आत्ताच जीव तोडून नाही म्हणाली, आणि तीच बाई आपल्या हाताने गाय सोडायला निघाली. पण शेरीफला सांगितलेलं गालेगोत होतं आणि लेकाला दिलेला शब्द स्पॅनिशमध्ये. बाईंच्या लेखी हे दोन वेगळे व्यवहार होते.

लिसार्दो धावत जाऊन दारात आडवा उभा राहिला.

"न्हाई," तो म्हणाला.

"का बरे, बाळ?"

"तूच न्हाई म्हनलीस."

"मी ते शेरीफना सांगितले," बाई स्पॅनिशमध्ये, अगदी अदबीने म्हणाल्या.

"आन शेरीफ कोन हाय?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. गळपट्ट्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे. लिसार्दोचे डोळे भरले होते आणि रुमाल काही सापडेना, तेव्हा त्याने बाही वर केली आणि नाकातोंडावरून फिरवली. बाहेर भोंगा पुन्हा वाजला. कुत्रा भुंकला, त्याला बाई गप्प बैस म्हणाल्या, आणि घाईत त्या कुत्र्याशी गालेगोत बोलल्या हे कुत्र्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"मंग हितं काय म्हसोबावानी उभा ऱ्हायलास, गाढवा?" बाई लिसार्दोला म्हणाल्या. "जा की भाईर. माझ्या गाईला हात लावला तर तंगडं मोडीन म्हनावं त्याला. आन त्या रंगवलेल्या खोलीत बायकोची इस्तरी ठेव, मी काय येत न्हाई. पुन्ना पडले तर यायचं आन उचलायचं मला, समजलं? येताना पाय पुसून ये, मुडद्या, आत्ताच लादी पुसलीय."

लिसार्दो पन्नाशीला टेकलेला होता. आईने त्याला आजवर एक शिवी दिली नव्हती.

तो अंगणात गेला. दलालाने ट्रकची फळी खाली सोडून ठेवली होती आणि गाय कुठाय म्हणून तो इकडेतिकडे बघत होता. लिसार्दोचं तोंड पाहून त्याने विचारलं की काय झालं, जनावर मेलं की काय.

"न्हाई," लिसार्दो हुंदका गिळत म्हणाला. "आई मला गाढव म्हनली. मुडद्याबी म्हनली."

दलाल आमच्याच मुलखातला. त्याने फळी उचलून जागेवर लावली, डोक्यावरची टोपी काढली आणि लिसार्दोचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवत राहिला.